दर चुलीस एक शिधा

काकीच्या खाणावळीत आम्ही भिंतीला पाठ लावून जेवायला बसायचो. खोली लहान आणि माणसं बारा. समोरासमोर दोन ओळी धरल्या तर काकीला मधून वाढायला वाट राहत नसे. म्हणून ओळ एकच. ती चुलीपासून निघायची, कोपऱ्यात वळायची आणि दाराशी येऊन संपायची. चुलीजवळ आबा, कारण ते सगळ्यांत जुने. दाराशी मी, कारण मी सगळ्यांत धाकटा आणि सगळ्यांत शेवटी आलेला. भाकरी माझ्यापर्यंत पोचेस्तोवर तिची वाफ निम्मी गेलेली असायची. तरी त्या जागेवर बसून खाल्लेली कुळथाची पिठी मला आज इथे, वऱ्हाडातल्या कापसाच्या जिनाच्या चाळीत, ताट पुढे ओढलं की आठवते. इथलं अन्न वाईट नाही. माणसंही चांगली आहेत. परमुलखातून आलेल्याला त्यांनी काम दिलं, आजारपणात पाणी दिलं, मी त्यांचा ऋणी आहे. पण इथे मी एकटा जेवतो, आणि शेवटचा माणूस बसेपर्यंत थांबायची सवय अजून गेलेली नाही. पहिला घास हातात धरून मी उगाच दाराकडे बघतो.

ती खोली परळ आणि लालबाग यांच्या मधल्या एका चाळीत होती. आम्ही बाराही जण एकाच गावचे, मालवणाकडचे, सगळे गिरणीत. काकीचा नवरा आमच्याच गावचा. तो गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर काम करायचा. तापाने गेला तेव्हा माघारी जावं तर सासरी कुणी उरलं नव्हतं, आणि माहेरी भावजयांचं राज्य. काकीने खोली सोडली नाही. नवऱ्याच्या गावची दोन माणसं जेवायला ठेवली, दोनांची चार झाली, आणि मी गेलो तेव्हा अकरा होती. मी बारावा.

तिचे नियम दोनच. ओळीतला शेवटचा बसल्याशिवाय पहिल्याने घास उचलायचा नाही, आणि भाकऱ्या कुणी मोजायच्या नाहीत. "मोजल्यो काय कमी पडतत," असं ती म्हणायची. आमच्यात एक गडी होता, त्याचं साधं बोलणं तीन खोल्या पलीकडे ऐकू जायचं, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणत. तो मुद्दाम मोठ्याने सुरू करायचा, "एक... दोन..." काकी उलथनं उगारून उठायची.

"मेल्या, गिरणीत काय ता मोज! हय नको!"

"गिरणीत सायब मोजता गो काकी. माका मोजूक कोण देता?"

हसता हसता ओळीतून कढीच्या वाट्या सांडायच्या.

मी गावच्या शाळेत मराठी तिसरीपर्यंत गेलो होतो, तीही पुरी नाही. कापणीला माणूस कमी पडलं म्हणून आठ दिवस घरी राहिलो, ते आठ दिवस संपलेच नाहीत. पण खाणावळीत तेवढ्या शिक्षणावरही मी पंडित ठरलो होतो. सगळ्यांची पत्रं मी वाचायचो, उत्तरं मी लिहायचो. माझ्या घरचं पत्र बाबा शाळामास्तरांकडून लिहवून घेत. वर पत्त्यात माझं नाव आणि त्यापुढे बाबांचं, ठळक बाळबोध अक्षरात. आणि शेवटी नेहमी एकच ओळ: "आईचे व बाबांचे आशीर्वाद. पेज वेळेवर जेवावी." मी ती ओळ कुणाला वाचून दाखवत नसे. ती माझ्यापुरती ठेवायचो.

प्लेगाचं ते दुसरं वर्ष. पहिल्या वर्षी आम्ही सगळे गावी पळालो होतो. दुसऱ्या वर्षी बंदरावर तपासण्या होत्या आणि गावानेही वेशीवर माणसं बसवली होती, म्हणून राहिलो. एका सकाळी आमच्या ओळीतला चौथ्या जागेवर बसणारा काखेत गाठ घेऊन उठला. त्याला डोलीतून नेलं. तो परत आला नाही. काकीने त्याच्या वाटणीची भाकरी त्या दिवशी करून ठेवली होती, झाकून. ती तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी खोली रिकामी करायला माणसं आली. आजारी माणसाबरोबर राहिलेल्यांनी छावणीत जायचं, असा हुकूम होता. चुलीवर भाताचं आधण आलेलं. काकी म्हणाली, "भात शिजांदे, मगे येतंय." कुणी ओरडलं नाही, कुणी हात लावला नाही, खरं ते सांगतो. फक्त एकाने औषधाच्या पाण्याची पिचकारी खोलीभर मारली, आणि ती मारता मारता चुलीतही गेली. फस्स असा आवाज झाला. काकी रोज निजताना राखेखाली निखारा पुरून ठेवायची आणि सकाळी तोच फुंकून पेटवायची. नवरा होता तेव्हापासूनचा विस्तव तो, असं तिचं म्हणणं. खरं असेल, नसेल. पण ती चूल विझलेली मी तोवर पाहिली नव्हती. काकी तिच्याकडे बघत उभी राहिली आणि मग आमच्यापुढे चालू लागली.

छावणी दादरच्या पलीकडे मोकळ्या शेतजमिनीवर होती. बांबू आणि चटयांच्या झोपड्या, भोवती कुंपण, दाराशी शिपाई. आतल्यांनी कामाला जायचं नाही, म्हणून सरकार शिधा देई. तांदूळ, डाळ, मीठ, मिरची आणि सरपण. तांदूळ चांगला होता. सरकारने मला काही दिल्याचं माझ्या आयुष्यातलं ते पहिलंच. मी हात पुढे केला तेव्हा मला लाज वाटली नाही. बरं वाटलं. आपण इथे आहोत हे कुणाला तरी ठाऊक आहे, असं वाटलं.

पण शिधा एकच मिळाला.

ताडाच्या झाडाखाली टेबल टाकून कारकून बसायचा. चाळिशीचा गृहस्थ, डोक्याला पगडी, फणसवाडीत राहणारा. रोज सकाळी गिरगावातून यायचा आणि तिन्हीसांजेला परत जायचा. आबा त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. लिहिणारा म्हणून मी बरोबर.

"रावसाहेब, आम्ही बारा माणसां. ह्यां पाचांचा आसा."

"हो. दर चुलीस एक शिधा, पाच माणसांच्या अंदाजाने. कुणाकडे चार असतील, कुणाकडे सात, एकंदरीत जमतं."

"आमच्याकडे बारा."

"एका चुलीवर बारा? एकत्र कुटुंब आहे का तुमचं?"

आबा गोंधळले. "कुटुंब न्हय. खाणावळ."

कारकुनाने पुढ्यातला छापील कागद उलटून पाहिला, पालटून पाहिला. "खाणावळ असा रकाना नाही हो यात," तो म्हणाला. आवाजात गुर्मी नव्हती. "चूल म्हणजे कुटुंब. साहेबांना तेवढंच ठाऊक. मला वाटतं त्यांच्याकडे वेगळी पद्धत असेल."

तीन दिवस काकीने पाच माणसांच्या तांदळाची पेज करून बारा माणसांना वाढली. ओळ तशीच, एका झोपडीच्या चटईला पाठ लावून. आधी मलाच वाढ, असं कुणी म्हणत नव्हतं. उलट ज्याच्यापुढे पळी जाईल तो म्हणायचा, "माका रवांदे, पुढे दी." म्हणून पळी सरळ माझ्यापर्यंत यायची. मी दाराशी बसलेला, आणि त्या तीन दिवसांत सगळ्यांत घट्ट पेज माझ्या वाट्याला आली.

आमच्या चाळीत सुकट विकायला येणारी कोळीण कशी कोण जाणे आमचा पत्ता काढत कुंपणाशी आली. टोपली डोक्यावर, कमरेवर हात.

"काय गो काकी, राणीच्या बागेत रावाला आलीस काय? कुंपणातून वाघीण दिसतेस!"

"ये, तुकाच खातंय," काकी म्हणाली. छावणीत आल्यापासून ती पहिल्यांदा हसली. कोळणीने शिपायाचं लक्ष नाही असं बघून बोंबलांची एक पुडी कुंपणावरून भिरकावली. शिपायाने पाहिलं होतं. त्याने दुसरीकडे तोंड केलं.

चौथ्या दिवशी आबांनी विषय काढला. "आपण तीन चुली करूया. तीन घरांची नावां देऊया. म्हणजे शिधो तिप्पट."

 आमच्याकडे चूल वेगळी करणं म्हणजे काय, हे आमच्या मुलखातल्या माणसालाच कळेल. भाऊ भाऊ भांडले, बोलणं तुटलं, भांडी वाटली गेली, की मग चूल वेगळी होते. गावात कुणाची चूल वेगळी झाली तर बायका ती बातमी एखादं माणूस गेल्यासारखी आवाज उतरवून सांगतात. आणि इथे कुणाचं कुणाशी भांडण नव्हतं.

"माझ्या जितेपणी माझी चूल फुटाची नाय," काकी म्हणाली. "मी कमी खातंय."

"तू काय खातंस ता आमका म्हायत आसा," भोंगा म्हणाला. तो हे हळू बोलला, म्हणून सगळ्यांनी वर पाहिलं. "तू निवळ पिऊन उठतंस. टोपाच्या तळाक रवता ता."

काकीने टोप उचलला आणि ती बाहेर गेली.

सकाळी मी उठून पाहतो तर ती शेताच्या ओल्या खाचरात बसून चिखल तुडवत होती. तीन ढिगारे केलेले. तीन चुली तिने स्वतःच्या हातांनी घातल्या, प्रत्येकीला बाजूला दुसरं भांडं ठेवायला वैलसुद्धा काढला. दुपारपर्यंत उन्हात वाळवल्या. नवी चूल पेटवण्याआधी तिला हळदकुंकू वाहायचं असतं. काकी विधवा, ती कुंकवाला हात लावत नसे. पलीकडच्या झोपडीतल्या एका सवाष्णीला तिने बोलावून आणलं. मग त्याच बाईच्या चुलीतला निखारा पळीत घेतला आणि पहिली चूल फुंकून पेटवली. पहिलीतला निखारा दुसरीत. दुसरीतला तिसरीत. तिसरीपाशी धूर डोळ्यांत गेला म्हणून ती बराच वेळ पदर लावून बसली. आम्ही बारा... नाही, अकरा. अकराजण भोवती उभे होतो, आणि लग्नाला आल्यासारखे एकमेकांना जागा करून देत होतो.

तीन घरं ठरली. आबा, त्यांचा भाऊ आणि दोन पुतणे. दुसरं घर भोंग्याचं, चुलतभाऊ आणि मेव्हण्यासकट. उरलेले तिसऱ्यात. मीही तिसऱ्यात, दूरचा भाचा म्हणून. यादी मीच लिहिली, माझ्या तिसरीतल्या अक्षरात, आणि आम्ही सगळे ताडाखाली गेलो.

कारकुनाने यादी वाचली. त्याला काय झालं ते कळलं असणार, कारण त्याच्या टेबलावरून आमच्या नव्या चुलींची माती दिसत होती. त्याने एकेक नाव मोठ्या कागदावर उतरवलं. मग मान वर केली.

"आणि या बाई? या कोणत्या घरात?"

आम्ही अकरा माणसं तिच्या हातचं खात होतो, पण तिचं नाव कुठल्या चुलीत घालायचं याचा विचार एकानेही केला नव्हता. तीन चुली तिच्याच, मग ती कुठे नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

"ती... आमची काकी," आबा म्हणाले.

"सख्खी? कुणाची? नातं लिहावं लागतं."

नातं नव्हतं. गावकीचं होतं, घरचं नव्हतं.

"नातं नसेल तर मला त्यांना एकटी बाई म्हणून लिहावं लागेल," कारकून म्हणाला. "निराधार बायकांसाठी वेगळं छप्पर आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला. उद्याच्या गाडीने पाठवायचं. तिथे जेवणाखाणाची सोय आहे, तशी भीती नाही."

"आणि तिची खोली?" मी विचारलं. "चाळीतली?"

त्याने पेन खाली ठेवलं. "छावणी उठली की खोल्या चुना लावून ज्या त्या कुटुंबाला परत मिळतील. या कागदावरच्या कुटुंबांना. एकट्या बाईच्या नावाने कोण देणार, तुम्हीच सांगा."

 काकी पदर सारखा करत म्हणाली, "जातंय मी. जेवाक मिळता मां थय? मगे जातंय." आणि आबांकडे वळून म्हणाली, "दुसऱ्या चुलीचो वैल ओलो आसा. आज तेच्यार टोप ठेवू नको."

आबा तिला आपल्या घरात घ्यायला तयार होते, हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण काय म्हणणार? बायको म्हणणं शक्य नव्हतं. बहीण म्हणावं तर तिचे भाऊ कोण ते साऱ्या मुलखाला ठाऊक. परक्या विधवेला एखाद्या बाप्याने आपल्या झोपडीत घेतलं ही गोष्ट बोटीने चार दिवसांत गावी पोचली असती, आणि गावात जे बोललं गेलं असतं त्याने तिला कुठेच जागा उरली नसती. तिचं नाव जपायचं म्हणून ती दहा माणसं गप्प होती. मला त्यांचा राग आला नाही, आजही येत नाही. फक्त मला तेव्हा दिसलं की त्या ओळीत मीच एक असा आहे, ज्याच्या झोपडीत ती राहिली तरी वयामुळे कुणी बोट दाखवणार नाही. मी एकोणीस वर्षांचा. ती पंचेचाळिशीची.

"माझी आई," मी म्हणालो.

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. दोन दिवसांपूर्वीच त्याने मला घरचं पत्र दिलं होतं. त्यावरचं माझं नाव, बाबांचं नाव त्याने स्वतः मोठ्याने वाचून मला हाक मारली होती.

"आई," तो म्हणाला. "बरं. वडील?"

हा प्रश्न येईल हे मला सुचलं नव्हतं. एवढीच माझी अक्कल. आई म्हटलं की पुढचा रकाना बापाचा, हे तिसरी पुरी केलेल्याला तरी कळलं असतं. पण काकी पांढऱ्या कपाळाने शेजारी उभी होती, आणि उत्तर एकच होतं.

"वारले."

"नाव?"

मी काकीच्या नवऱ्याचं नाव सांगितलं. ज्याला मी कधी पाहिलं नव्हतं त्याचं.

"नको!" काकी एकदम पुढे आली. तिने माझा दंड धरून मला मागे ओढलं. "लिवू नका रावसाहेब! ह्या पोराक आवस आसा! गावाक आसा, कुंकू लावता! बापूस आसा तेचो! मेल्या, तुझ्या आवशीन तुझा काय केलेला काय, म्हणान तिचा कुंकू पुसतंस?"

 आता कारकून कागद फाडणार, असं मला वाटलं. मी टेबलाची कड धरली.

कारकुनाने पेन दौतीत बुडवलं, सावकाश निथळवलं. "इथे वारा फार," तो म्हणाला. "बाई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. तुम्ही कुणी ऐकलंत?"

"नाय," भोंगा म्हणाला. "कोण काय बोलला?"

मग त्याने तिसऱ्या घरातलं माझं नाव खोडलं आणि खाली नव्याने लिहिलं. माझं नाव, त्यापुढे दुसऱ्याच एका माणसाचं नाव, मयत. आई, हयात. चूल चौथी. लिहून झाल्यावर त्याने शाई टिपली आणि मला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाला, "एक सांगतो. इथे पत्रं या कागदावरच्या नावाने वाटतात. पुढचं पत्र जुन्या नावाने आलं आणि ते साहेबांच्या हातात पडलं, तर चौथी चूल राहणार नाही. घरी तसं कळवा."

चौथी चूल काकीने मला घालायला लावली. स्वतः बाजूला बसून राहिली. माझ्याशी ती बोलत नव्हती. माझे हात चिखलात, आणि ती फक्त मधून म्हणायची, "पातळ झाला." "आता घट झाला." पण ती छावणीत राहिली. संध्याकाळी चारही चुलींचं एकत्र करून एकाच ओळीत वाढलं, आणि त्या दिवशी सगळ्यांचं पोट भरलं.

घरी पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. दुसऱ्यांची पत्रं मी बसल्या बैठकीला लिहायचो. हे लिहिताना एकेक ओळ खोडली. काय लिहिणार? बाबा, यापुढे पत्त्यावर तुमचं नाव घालू नका, त्याऐवजी अमक्याचं घाला. आणि हे बाबा मास्तरांकडून वाचून घेणार, मास्तरांच्या ओटीवर बसून, चार माणसांत. शेवटी लिहिलं ते एवढंच. काकीचं सगळं लिहिलं, कागदाचं लिहिलं, आणि "राग धरू नये" असं लिहून सही केली. मयत हा शब्द लिहिला नाही. तो त्यांनी ओळखला असेल.

मग उत्तर येईना. एक आठवडा गेला, दुसरा गेला. रोज टपाल वाटताना मी ताडाखाली उभा. मला वाटायचं, आईने हाय खाल्ली. मला वाटायचं, खोटं लिहिलेलं खरं ठरलं, आणि बाबांना काहीतरी झालं. मी दक्षिणेला बघत राहायचो, जसं काही दादरच्या शेतातून मालवण दिसणार होतं. काकीने हे पाहिलं होतं. ती बोलायला लागली नव्हती, पण माझ्या पितळीत कढी जास्त पडायची.

पत्र आलं ते कारकुनाने हातात दिलं, हाक न मारता. वर मास्तरांचं तेच ठळक अक्षर. माझं नाव, आणि पुढे काकीच्या नवऱ्याचं. स्वतःचं नाव गाळून ते नाव बाबांनी सांगितलं असेल, आणि मास्तरांनी विचारलं असेल, हेच ना, आणि बाबांनी मान डोलवली असेल. आत नेहमीचाच मजकूर. म्हैस व्याली. विहिरीला पाणी कमी आहे. आणि शेवटच्या ओळीत थोडा फरक होता. "आईचे आशीर्वाद. तुझा बाप खुशाल आहे, काळजी करू नये. पेज वेळेवर जेवावी."

मी ती ओळ काकीला वाचून दाखवली. कुणाला वाचून दाखवलेली ती एकच. काकीने ऐकलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "झिला, जेव."

छावणी उठली. काकीची खोली कमावता मुलगा असलेल्या विधवेची म्हणून तिला परत मिळाली, चुन्याच्या वासासकट. चार घरं पुन्हा एक झाली, आणि भिंतीच्या कडेने ओळ पुन्हा वळली. गिरणीत परत घेताना छावणीची चिठ्ठी मागत, म्हणून गिरणीच्या हजेरीत मी त्याच नावाने लागलो. दुरुस्त करता आलं असतं. पण दुरुस्त केलं तर खोलीचा कागद खोटा ठरत होता, आणि काकी पुन्हा एकटी बाई झाली असती. ती होती तोवर मी ते नाव सोडलं नाही. ती गेल्यावर गिरणीच्या दाखल्यावर इथे जिनात काम मिळालं, आणि नाव बरोबर आलं. आता मुकादम सकाळी हजेरी घेतो तेव्हा एका चांगल्या माणसाचं नाव माझ्या नावामागे लागतं, आणि मी "हजर" म्हणतो. माझ्या बाबांचं नाव माझ्या कुठल्याच कागदावर नाही. त्यांच्या शेवटच्या दिवसांतही मी जवळ नव्हतो.

पण छावणीनंतरच्या वैशाखात मी गावी गेलो होतो, ते सांगायचं राहिलं. आई मागच्या पडवीत आमसुलांसाठी रातांबे फोडत बसली होती. हात मनगटापर्यंत लाल. कपाळावर ते एवढं मोठं कुंकू. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, पत्रात न लिहिलेला तो शब्दसुद्धा. तिने हातातली रातांब्याची वाटी खाली ठेवली नाही.

"ती बाय रवली मां थय?" तिने विचारलं. "तुमच्यात?"

"रवली."

"जेवाक बरा घालता?"

"होय."

"मगे जाताना सोलां घेऊन जा तिका. म्हमईत खरी सोलां गावत नायत." मग तिने एक रातांबा फोडला, दुसरा फोडला. "ऊठ. तुझो बापूस खालच्या कुणग्यात आसा, जेवाक बोलव. मोठ्यान हाक मार. सगळ्या वाडीक आयकाक जाऊंदे."

मी पडवीच्या टोकाशी जाऊन उभा राहिलो. खाली शेताच्या त्या तुकड्यात बाबा सुक्या पानांचा पातेरा पसरत होते, पाठमोरे. मी छाती भरून हाक मारली. पलीकडच्या डोंगरावरून ती परत आली. बाबांनी ओ दिली. तरी मी पुन्हा मारली, आणि मग तिसऱ्यांदा.

"आयकलंय रे!" ते कमरेवर हात ठेवून ओरडले. "किती बोंबलतंस! येतंय मां मी!"